मुठेतील अदृश्य औषध आणि प्लाझ्माची ज्योत

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाची चार सामान्य कारणे सांगितली : वायू, उदक, देश आणि काल. त्यांपैकी दूषित उदकाची लक्षणे देताना त्यांनी गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीचा निर्देश केला, आणि त्याचबरोबर एक मार्मिक खूण सांगितली. जलचर पक्षी ज्या पाण्याला सोडून गेले आहेत, ते पाणी दूषित समजावे. ही सर्व लक्षणे प्रत्यक्षगम्य आहेत. नाक, जीभ, डोळा आणि त्वचा एवढी साधने वैद्याला त्या काळी पुरेशी होती.

आज पुण्यातील एखाद्या मैलाशुद्धीकरण केंद्राच्या मुखाशी उभे राहून स्वच्छ दिसणारे पाणी ओंजळीत घेतले, तर या चारही कसोट्यांना ते कदाचित उतरेल. तरीही त्यात डायक्लोफेनॅक, कार्बामॅझेपिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचे अंश असू शकतात. त्यांना वास नाही, रंग नाही, आणि ज्या प्रमाणात ते असतात त्या प्रमाणात चवही नाही. ज्या दुष्टीचे प्रत्यक्ष लक्षण नाही तिचे निदान कसे करावे, आणि तिचा उपाय कोणता, या दोन प्रश्नांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उपायांपैकी प्लाझ्मा-प्रक्रियेचा गाजावाजा अलीकडे बराच होतो. तिच्याकडे वैद्यवर्गाने आशेने पाहावे, परंतु हिशेब मांडून पाहावे, असे आमचे मत आहे.

रुग्णापासून नदीपर्यंत

औषध रुग्णाच्या पोटात गेले म्हणजे त्याचे कार्य संपले, असे आपण सर्वच चिकित्सक गृहीत धरतो. वस्तुतः अनेक द्रव्ये शरीरातून जशीच्या तशी बाहेर पडतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या मात्रेचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग मूत्रावाटे अविकृत स्वरूपात निघून जातो. मेटफॉर्मिनचे तर शरीरात पचनच होत नाही. जेवढे शोषले जाते तेवढे बहुतांशी तसेच मूत्रातून उत्सर्जित होते. डायक्लोफेनॅकची गोष्ट थोडी निराळी आहे. यकृतात ते अन्य रेणूंशी जोडले जाऊन बाहेर पडते, परंतु मैलापाण्यातील जिवाणू ती जोडणी पुन्हा सोडवतात आणि मूळ औषध पाण्यात परत प्रकट होते. याशिवाय त्वचेवर चोळलेली मलमे स्नानाच्या पाण्याबरोबर गटारात जातात ती वेगळीच.

पुण्याचा भूगोल या दृष्टीने फार बोलका आहे. खडकवासल्याचे पाणी नळाने घरोघरी येते आणि वापरल्यानंतर मुठेत उतरते. संगमावर मुळा मिळते, पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेत विलीन होते, आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर उजनीवर अवलंबून आहे आणि पंढरीचा वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतो ती हीच भीमा. शिवाय मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे लोकांच्या भाषेतील ‘बेबी कालव्या’त सोडले जाते आणि पूर्वेकडील शेती त्यावर भिजते. आपण सदाशिव पेठेत वा कोथरूडात लिहिलेली औषधपत्रिका किती दूरवर वाचली जाते, याची कल्पना यावरून यावी. अर्थात, वाटेत विरलीकरण होते, सूर्यप्रकाश आपले काम करतो, गाळ काही द्रव्ये धरून ठेवतो. तेव्हा मुंढव्याचे पाणी आणि उजनीचे पाणी एकाच तागडीत तोलणे योग्य नव्हे.

मैलाशुद्धीकरण केंद्रे या औषधांचे काय करतात? ती मुळात विष्ठा, अन्नकण, साबण अशा जिवाणूंना पचणाऱ्या पदार्थांसाठी बांधलेली असतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन जिवाणूंना पचतात व बहुतांशी नाहीसे होतात. डायक्लोफेनॅक अर्धवट जाते. अपस्माराचे औषध कार्बामॅझेपिन मात्र जसे आत येते तसेच जवळजवळ सर्व बाहेर पडते. म्हणूनच जगभरचे संशोधक ते मैलापाण्याची खूणगाठ म्हणून वापरतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन गाळाला चिकटते, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की पाण्यातून निघालेले औषध मातीत पोचते. पुण्यात पूर्वीच्या केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज ४७७ दशलक्ष लिटर होती. त्यात ११ केंद्रांद्वारे ३९६ दशलक्ष लिटरची भर घालणाऱ्या प्रकल्पासाठी जपानी संस्था ‘जायका’बरोबर २०१६ च्या जानेवारीत कर्जाचा करार झाला. या केंद्रांची नितांत आवश्यकता आहे, यात वाद नाही. परंतु ती कार्बामॅझेपिनसाठी बांधलेली नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

भय कशाचे?

येथे अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. समजा एका लिटर पाण्यात डायक्लोफेनॅकचे १०० नॅनोग्रॅम आहेत आणि मनुष्य ते पाणी रोज दोन लिटर पितो. ५० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जाण्यास त्याला अडीच लक्ष दिवस, म्हणजे सुमारे ६८५ वर्षे लागतील. तेव्हा नळाच्या पाण्याने कोणाला औषधाची मात्रा लागू होईल, हे भय निराधार आहे.

खरा अपाय दोन ठिकाणी होतो. पहिला, त्या पाण्यात चोवीस तास राहणाऱ्या आणि मृत शरीर खाणाऱ्या प्राण्यांना. गिधाडांचे उदाहरण सर्वांस विदित आहे. २००४ मध्ये असे सिद्ध झाले की डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन गिधाडांची वृक्के निकामी होत होती. २००६ मध्ये भारत शासनाने पशुवैद्यकातील या औषधावर बंदी आणली. तेथे औषध पाण्यातून नव्हे, मांसातून गेले. परंतु एका जातीला सुसह्य असलेले द्रव्य दुसरीला विष ठरते, हा धडा तोच. पक्षी निघून जाण्याचे चरकोक्त लक्षण आठवून येथे मन विषण्ण होते.

दुसरा अपाय जिवाणूंमध्ये घडतो आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. नचिकेत मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठेच्या तळाच्या गाळाचा अभ्यास करून तो २०१७ मध्ये ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुणे शहराच्या वरच्या अंगास घेतलेल्या गाळाच्या तुलनेत शहरातील गाळात प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या जनुकांचे प्रमाण तीसपटीपर्यंत अधिक आढळले. कार्बापेनेम वर्गातील औषधे निष्प्रभ करणारी जनुके त्यात होती, आणि कोलिस्टिनला दाद न देणारे जनुकही होते. कार्बापेनेम आणि कोलिस्टिन ही अतिदक्षता विभागातील शेवटची शस्त्रे होत. हा बराचसा भार माणसाच्या आतड्यातून आलेल्या जिवाणूंचा असतो, केवळ पाण्यातील औषधाचा नव्हे. परंतु औषधाचे अंश जेथे सतत असतात तेथे अशा जिवाणूंना टिकून राहणे सोपे जाते. याचे टोक पाहावयाचे असल्यास हैदराबादजवळील पाटणचेरूकडे पाहावे. तेथील औषधकारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या रक्तातही हे औषध एवढे नसते.

अल्प मात्रेत, क्षीणवीर्य होऊन, दीर्घकाळ राहणाऱ्या विषाला सुश्रुताचार्यांनी दूषीविष म्हटले आहे. ही संज्ञा येथे सहज सुचते. मात्र दूषीविष ही देहातील अवस्था आहे, नदीतील नव्हे. साम्यावरून सिद्धान्त काढण्याचा मोह वैद्यांनी आवरलेला बरा.

परंपरेतील शोधन आणि त्याची मर्यादा

सुश्रुताच्या सूत्रस्थानातील ४५ व्या अध्यायात दूषित जलासाठी अग्नीवर उकळणे, उन्हात तापविणे, तप्त लोहगोळा, वाळू वा ढेकूळ विझविणे हे उपाय आहेत. गढूळपणा घालविण्यास निवळी, कमळाचा कंद, वस्त्र, मोती इत्यादी सात द्रव्ये आहेत. निवळीचे बी आजही ग्रामीण भागात उगाळून वापरतात आणि ते गढूळपणा खरोखरच खाली बसविते. परंतु डायक्लोफेनॅक पाण्यात विरघळलेले असते. ते निवळीने बसत नाही, वस्त्राने गाळले जात नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, ही मोठीच गोष्ट आहे. ही औषधे मात्र तेवढ्याने जात नाहीत. उलट, पाणी आटल्यामुळे किंचित घट्ट होतात.

सूर्यप्रकाशाचे तसे नाही. शरद ऋतूतील हंसोदकाचे वर्णन करताना दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने शीतल केलेले पाणी निर्विष सांगितले आहे. डायक्लोफेनॅक सूर्यकिरणांनी खरोखरच फुटते. उथळ, निवळ पाण्यात तर बरेच लवकर. कार्बामॅझेपिन मात्र त्यास पुरून उरते. गढूळ, काळसर मुठेत तर किरण खोलवर पोचतच नाहीत. म्हणजे प्रकाशाचे तत्त्व योग्य, परंतु त्याहून तीक्ष्ण शस्त्र हवे. प्लाझ्माचा विचार येथून सुरू होतो.

प्लाझ्मा म्हणजे काय?

घन, द्रव व वायू यांच्या पलीकडील चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा. वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्‌भारित कणांचा तेजस्वी समुदाय तयार होतो. आकाशातील वीज हे त्याचे उग्र रूप, दुकानाच्या पाटीवरील निऑनची नळी हे सौम्य रूप. ‘प्लाझ्मा’ ही संज्ञा अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये रूढ केली. रक्तातील प्लाझ्माशी नामसाम्याखेरीज व्यावहारिक संबंध नाही, हे रुग्णाला सांगावे लागते म्हणून येथे नोंदवितो.

जलशोधनासाठी ‘शीत प्लाझ्मा’ वापरतात. काही सहस्र व्होल्टचा दाब अत्यंत अल्प काळाच्या स्पंदांनी पाण्यालगतच्या वायूवर दिला जातो. इलेक्ट्रॉन अतितप्त होतात, परंतु वायू आणि पाणी जवळपास थंडच राहतात. हे चपळ इलेक्ट्रॉन पाण्याच्या बाष्पावर आदळले की त्या रेणूचे दोन तुकडे होतात. त्यांतील एक म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक. पाण्यातील ऑक्सिडीकारकांत याच्याइतका उग्र क्वचितच दुसरा. ऑक्सिडीकरणाची क्षमता व्होल्टमध्ये मोजली तर क्लोरीनची १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७८, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिल मूलकाची २.८ भरते. बाटलीत भरून ठेवता येत नाही इतका तो अल्पायुषी असतो, म्हणून जेथे वापरावयाचा तेथेच निर्माण करावा लागतो. त्याच्याबरोबर ओझोन, पेरॉक्साइड आणि अतिनील किरणही निर्माण होतात. बाहेरून कोणतेही रसायन घालावे लागत नाही, हे या पद्धतीचे मोठे आकर्षण होय.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच काचेच्या नळ्यांमधील विद्युत्‌विसर्जनाने ओझोन बनविण्याचे यंत्र केले आणि फ्रान्समधील नीस शहराने १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध करण्यास आरंभ केला. तो ओझोनही प्लाझ्मातूनच जन्मलेला. भेद इतकाच की तेथे वायू एका जागी तयार करून पाण्यात नंतर सोडतात; नव्या पद्धतीत ज्योत पाण्याच्या पृष्ठभागावरच किंवा पाण्यातील बुडबुड्यांतच पेटविली जाते.

डायक्लोफेनॅकच्या रेणूत दोन वलये नायट्रोजनच्या एका दुव्याने जोडलेली असतात आणि एका वलयावर क्लोरीनचे दोन अणू असतात. हायड्रॉक्सिल मूलक प्रथम वलयाला चिकटतो, मग दुवा तुटतो, क्लोरीन क्लोराइडच्या रूपाने सुटतो. पाण्यातील क्लोराइड मोजून रेणू किती फुटला याचा पडताळा घेता येतो. प्रयोगशाळेत काही मिनिटांत मूळ औषध जवळजवळ नाहीसे झाल्याचे अहवाल अनेक देशांतून आले आहेत.

मात्र मूळ औषध नाहीसे होणे म्हणजे शुद्धी नव्हे. मधले तुकडे काही काळ राहतात आणि त्यांतील एखादा मूळ द्रव्याहून अधिक अपायकारक असू शकतो. अर्धवट शोधन केलेल्या पाऱ्याविषयी रसशास्त्र आपणास जी सावधगिरी शिकविते, तीच येथे हवी. दुसरी अडचण अशी की हायड्रॉक्सिल मूलक भेदभाव जाणत नाही. मैलापाण्यात औषध नॅनोग्रॅममध्ये, तर इतर सेंद्रिय मळ मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारो पटींनी अधिक असतो. पाण्यातील बायकार्बोनेटही मूलक गिळून टाकते. शत्रूसाठी आणलेले सैन्य वाटेतील गर्दीतच खर्ची पडते. तिसरी गोष्ट, हवेत पेटविलेला प्लाझ्मा हवेतील नायट्रोजनपासून नायट्रेट व नायट्राइट बनवितो आणि पाणी आम्ल होते. आणखी एक सूक्ष्म भेद आहे : मूलक ज्योत व पाणी यांच्या सीमेवरच जन्मतो व तेथेच मरतो. त्यामुळे जे रेणू स्वभावतः पृष्ठभागी गोळा होतात ते झपाट्याने फुटतात, आणि मेटफॉर्मिनसारखे जलप्रिय रेणू खोल पाण्यात सुरक्षित राहतात. अमेरिकेतील क्लार्कसन विद्यापीठाच्या चमूने आरगॉनच्या बुडबुड्यांतील प्लाझ्मा २०१९ मध्ये एका हवाई तळावरील दूषित भूजलावर वापरून पाहिला, तो फेसाळ, पृष्ठगामी अशा फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी. ते लक्ष्य या शस्त्राला साजेसे होते.

पाषाणमधील भावंड

पुण्यात प्लाझ्माच्या जवळचे एक तंत्र बऱ्याच वर्षांपासून आकाराला येत आहे आणि त्यात आपल्या शास्त्राचाही धागा आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ‘व्होर्टेक्स डायोड’ नावाचे उपकरण विकसित झाले. त्यात एकही हलता भाग नाही. पाणी कडेने वेगाने आत शिरते, भोवऱ्यासारखे फिरते, मध्यभागी दाब इतका घटतो की सामान्य तापमानालाच पाणी ‘उकळू’ लागते. असे झालेले सूक्ष्म बुडबुडे पुढे कोसळतात, तेव्हा त्या क्षणमात्र बिंदूत हजारो अंशांचे तापमान निर्माण होते आणि तेथेही हायड्रॉक्सिल मूलक जन्मतो. याला पोकळीकरण म्हणता येईल. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी या विषयावर दीर्घकाळ कार्य केले. डायक्लोफेनॅकवर पोकळीकरण व प्रकाश-उत्प्रेरण यांचा एकत्रित प्रयोग तेथून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील विनय भांडारी यांच्या चमूने या पोकळीकरणाला जंतुघ्न गुण असलेल्या नैसर्गिक तेलांची जोड दिली आणि त्यास ‘स्वस्तिक’ असे नाव दिले. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. काही मिनिटांत जिवाणू, त्यांत औषधांना न जुमानणारेही, नष्ट होतात असे त्या चमूचे निष्कर्ष आहेत. तेलांची निवड पारंपरिक ज्ञानावरून झाली, याचे समाधान आपणास अवश्य वाटावे. तथापि जंतू मारणे आणि औषधाचा रेणू फोडणे ही दोन कार्ये भिन्न आहेत. तेल पहिल्या कार्यास साह्य करते. दुसऱ्या कार्यात तेच तेल मूलकांना खाद्य पुरविणारे आणखी एक सेंद्रिय द्रव्य ठरण्याचा संभव आहे. ‘आयुर्वेदाने पाण्यातील औषधे नष्ट होतात’ असा मथळा कोणी दिला तर तो स्वीकारू नये.

विजेचा हिशेब

निरनिराळ्या प्रयोगांत प्लाझ्माला एका घनमीटरमागे लागलेली वीज एका युनिटहून कमीपासून शंभराच्या वरपर्यंत दिसते. गणितापुरती ती दहा युनिट धरू. ४७७ दशलक्ष लिटर म्हणजे ४,७७,००० घनमीटर. त्यास दररोज ४७ लाख ७० हजार युनिट लागतील. एवढी वीज जाळून मुठा शुद्ध करणे म्हणजे मुंगीवर पर्वत उचलणे होय. आता दोनशे खाटांचे रुग्णालय घ्या. मोठ्या रुग्णालयासाठी खाटेमागे रोजचे ४५० लिटर हे प्रचलित मान धरल्यास ९० घनमीटर पाणी व ९०० युनिट वीज होते. हा खर्च लहान नाही, परंतु कल्पनेच्या आवाक्यात आहे. शिवाय तेथे औषधांचे प्रमाण अधिक असल्याने मूलक कमी वाया जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मधुमेह, रक्तदाब, वेदना यांची औषधे लोक घरी घेतात. त्यांचा बहुतांश भार रुग्णालयाच्या गटारातून येतच नाही. आमचे उत्तर असे की मेरोपेनेम आणि कोलिस्टिन मात्र मुख्यतः रुग्णालयातच दिले जातात, आणि मुठेच्या गाळातील सर्वांत चिंताजनक जनुके नेमकी त्यांच्याशी संबंधित आहेत. प्लाझ्माचे उचित स्थान रुग्णालयाच्या आणि औषधकारखान्याच्या मुखाशी आहे, शहराच्या मुखाशी नव्हे. शहरासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसा स्वस्त पडतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांना हीच दोन साधने बसविण्यास आरंभ केला. युरोपीय संघाचा २०२४ चा सुधारित निर्देश तर या जादा शुद्धीकरणाच्या खर्चापैकी किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकतो. उत्पादकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रुग्णालयाच्या द्रव कचऱ्यासाठी आम्लता, तरंगते घटक, तेल, प्राणवायूची मागणी यांच्या मर्यादा आहेत, आणि एक कसोटी अशी की त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहावेत. जलचरांवरून पाणी ओळखावे, हे चरकांचेच तत्त्व आधुनिक नियमात असे अवतरले आहे. परंतु ९६ तास जगलेला मासा प्रतिजैविकाच्या नॅनोग्रॅमबद्दल काहीच सांगत नाही. औषधकारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांच्या अंशांना मर्यादा घालणारा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळण्यात आल्या. मर्यादाच नसेल तर एखादे रुग्णालय नऊशे युनिट कशासाठी जाळील?

वैद्यवर्गाच्या दृष्टीने या विषयाचे एक अंग राहते. इस्रायलमध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यावर वाढविलेला भाजीपाला खाल्लेल्या निरोगी व्यक्तींच्या मूत्रात कार्बामॅझेपिन वाढलेले आढळले. मात्रा औषधी मात्रेहून फारच कमी होती, परंतु पाण्यातून पानात आणि पानातून देहात हा मार्ग सिद्ध झाला. द्रव्यसंग्रहासाठी भूमीची परीक्षा करावी असे चरकांच्या कल्पस्थानात सांगितले आहे. ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड या पाणथळ जागीच वाढणाऱ्या वनस्पती. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात जड धातू, कीटकनाशके, अफ्लाटॉक्सिन आणि जंतू यांच्या मर्यादा आहेत; सिंचनाच्या पाण्यातून आलेल्या औषधांच्या अंशांसाठी मर्यादा नाही. शहराच्या खालच्या अंगास, कालव्यावर भिजणाऱ्या जमिनीतील ओल्या मंडूकपर्णीचे काही नमुने आणि खडकवासल्याच्या वरच्या अंगाचे तितकेच नमुने घेऊन त्यांत एकट्या कार्बामॅझेपिनचा शोध घेणे, हे आपल्यासारख्या संघटनेला एखाद्या प्रयोगशाळेच्या साह्याने एका हंगामात करता येण्याजोगे काम आहे. नमुने पावसाळ्यात न घेता मार्च-एप्रिलमध्ये, नदीचे पाणी सर्वांत कमी असताना घ्यावेत.